डाव्या हाताची कातर

हात एकदम वर उडाला. घडलं ते एवढंच. रविवार पेठेतल्या त्या बोळासारख्या दुकानात, लोखंडाच्या आणि ग्रीसच्या दाट वासात, काउंटरपलीकडच्या माणसानं एक हिरवं यंत्र पुढं केलं. गोकुळनं ते घ्यायला हात लांबवला. आणि यंत्राचं म्हणून जे वजन त्याच्या खांद्यानं, दंडानं, मनगटानं आधीच गृहीत धरून ठेवलं होतं, ते तिथं नव्हतंच. भरलेली समजून हिसड्यानं उचललेली कळशी रिकामी निघावी, तसा त्याचा हात छातीपर्यंत उडाला आणि तिथंच अवघडून थांबला. दुकानदार हसला. गोकुळही हसला असता. पण त्याचं हसू आतून वर यायला नेहमीच वेळ लागे, आणि तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे. त्याला इतकंच कळलं, की आपल्या हातात काहीतरी आहे आणि त्याचा भार नाही. आणि त्या भार नसण्यानंच पोटात कुठंतरी एक लहानशी, अनोळखी, आनंदाची कळ उठली आहे.

"दचकलात ना? सगळेच दचकतात," दुकानदार म्हणाला. "वायर नाही, पेट्रोल नाही. बॅटरी. बंगलेवाले नेतात, बागेतली झुडपं कापायला. पण तुम्ही गावाकडं न्यायचं म्हणताय, तर हे नका नेऊ. ते पेट्रोलचं बघा. चांगलं वजनदार आहे. आयुष्यभर जाईल."

"ते चालू कसं करायचं?"

"दोरी ओढायची. जोरात."

"म्हणजे दोन्ही हात लागतात."

"एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. मग काय, आरती ओवाळल्यावर चालू होणार?"

पेट्रोलचं यंत्र असं गेलं. वायरचं यंत्र तर दुकानात शिरण्यापूर्वीच गेलं होतं, कारण त्याच्या गावी, घोडेगावात, त्या वर्षी दिवसा वीज म्हणजे वाट चुकून आलेला पाहुणा होता. मग दुकानदारानं बॅटरीवरचंच एक मोठं यंत्र काढलं. लांब पात्याचं, देखणं. गोकुळला ते फार आवडलं. पण त्याला पुढं एक मूठ होती नि मागं एक, आणि दोन्ही मुठी एकदम दाबल्याखेरीज पातं हलायचंच नाही. सुरक्षिततेसाठी तशी सोय केलेली होती. सुरक्षितता! ज्यानं ही सोय केली त्या कुणा दूरच्या माणसाला जगात सगळ्यांचेच दोन्ही हात चालतात असं वाटत असणार. गोकुळनं ते यंत्र जपून खाली ठेवलं आणि पुन्हा ते लहान हिरवं यंत्र उचललं. या वेळी डाव्या हातात. उजवा हात त्यानं पँटच्या खिशात खोल घातला, डोळे मिटले, आणि डावा हात यंत्रासकट समोर लांबवून तो तसाच उभा राहिला.

दुकानातलं लोखंड हळूहळू विरघळत गेलं, आणि त्या जागी मेंदीचा वास आला. कापलेल्या मेंदीचा वास हिरवा असतो, ओला असतो आणि किंचित कडू असतो. घोडेगावच्या सरकारी विश्रामगृहात त्याचे आबा, म्हणजे वडील गेणभाऊ, माळी होते. शाळा सुटल्यावर तो तिथल्या हिरवळीच्या कडेला बसून राही, आणि आबा त्यांची ती दोन लांब दांड्यांची कातर घेऊन मेंदीच्या कुंपणाच्या कडेकडेनं सरकत असत. कच्. कच्. कच्. त्या आवाजाला एक चाल होती. सुतळी नाही, खुंटी नाही. नुसत्या नजरेनं आबा असं सपाट कापत की वरून पाणी ओतलं असतं तर ते कुठल्या बाजूला वाहावं याचा विचार करत थांबलं असतं. बापलेक बोलत नसत. बोलायचं राहून गेलं म्हणून नव्हे. कातर बोलत होती, आणि दोघंही ऐकत होते. पुढं गोकुळ पुण्याला आला, एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत इमारतींचे नकाशे काढू लागला. तावावर सरळ रेघ ओढताना अजूनही त्याच्या कानात ती कच् वाजे, आणि रेघ सरळ येई. हे त्यानं आबांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, आणि कुठल्या शब्दांत?

दोन वर्षांपूर्वी आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र त्यांच्या देहावर पाहुण्यासारखा राहू लागला. होता, पण कामाला उठत नव्हता. घरापुढं त्यांनी निवृत्त झाल्यावर लावलेली मेंदी होती, ती सुटली, वाढली, वाऱ्यावर डोकं घुसळू लागली. आणि मागच्या शिमग्याला, गोकुळ गावी गेला असताना, आई कोंडाबाई पाण्याला गेलेली बघून आबांनी कातर काढली. एक दांडा डाव्या हातात धरला. दुसरा उजव्या हातात अडकवून पाहिला. कातरीचं एक पातं हललं, दुसरं लोंबलं, आणि सगळं लोखंड खणकन् दगडावर पडलं. आबांनी मान वळवली तेव्हा उंबऱ्यात गोकुळ उभा होता. पाहिलं एवढंच. दुसऱ्या दिवशी आबांनी आपली बाज ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ओढून घेतली, मेंदीकडं पाठ येईल अशी, आणि तेव्हापासून ती तिथंच होती.

"साहेब," दुकानदाराचा आवाज लांबून आला, "वजन करताय की नवस फेडताय?"

गोकुळनं डोळे उघडले. हात अजून समोर होता. दंडाला सूक्ष्म रग लागली होती. पण हात खाली आला नव्हता. त्यानं डाव्या अंगठ्यानं कळ चाचपली. कुलपाची कळ दोन्ही अंगांना होती. अंगठ्यानं कुलूप, बोटानं घोडा. पातं झिर्रकन् थरथरलं.

"जाड फांदी नाही तुटायची त्यानं," दुकानदारानं शेवटचं बजावलं. "नंतर भांडायला येऊ नका."

"मेंदी तुटेल?"

"मेंदी तुटेल."

"मग द्या," गोकुळ म्हणाला. आणि आपण इतकं ठामपणे बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

एसटीत त्यानं खोकं मांडीवर घेतलं. मंचरपर्यंत रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागले होते, दसऱ्याचा बाजार भरात होता, खिडकीतून पिवळ्यावर पिवळं मागं पळत होतं, आणि त्याच्या मनात मात्र एक काळसर शंका बसली होती, कुशीत डोकं खुपसलेल्या मांजरासारखी. ही वस्तू देणं म्हणजे काय म्हणणं होतं? आबा, मी त्या दिवशी पाहिलं, असंच ना? जे दोघांनी मिळून न पाहिल्यासारखं केलं होतं, त्याला आता खोक्यात घालून, दोरी बांधून, तो घरी घेऊन चालला होता. यंत्र हलकं होतं. पण त्यातून जे सांगायचं होतं त्याचं वजन कुठल्या दुकानात करून मिळणार? आबा नाही म्हणाले तर तो नुसत्या यंत्राला दिलेला नकार असणार नव्हता. मग ती बाज त्या बाजूला कायमचीच राहील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तरीही घोडेगावच्या स्टँडवर उतरताना, आहुप्याकडं जाणाऱ्या गाडीसाठी झालेल्या रेटारेटीतून वाट काढताना, खोकं छातीशी धरलेल्या त्याच्या हातांना ती दुकानातली उडी आठवली, आणि त्याची पावलं आपोआप भरभर पडू लागली.

"काय आणलंस रं गोकुळा?" कोंडाबाईनं ओसरीवरूनच विचारलं.

यंत्र, बॅटरी, चार्जर, एका हातानं चालणारं, असं सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि नेहमीप्रमाणे तिथंच अडलं. "आबांसाठी कातर आणलीय," तो म्हणाला.

गेणभाऊंनी बाजेवरूनच मान थोडी वळवली. गोकुळनं खोकं सोडलं. "ही कातर?" ते म्हणाले. "हिला दांडं कुठायत?"

"हिला नसतात, आबा. ही एका हातानं चालते."

एका. शब्द सुटून गेला होता. गेणभाऊंचे डोळे यंत्रावरून मुलाच्या तोंडावर आले, क्षणभर थांबले आणि भिंतीकडं वळले.

"ठिव तिकडं. शेजारच्या चिमाजीच्या नातीला खेळायला व्हईल."

गोकुळनं ते फळीवर ठेवलं, विळा, खुरपी आणि जुन्या कातरीच्या शेजारी. बॅटरी तेवढी काढून आत नेली. वीज यायची ती झोपेच्या वेळी, तेव्हा चार्जर लावून ठेवावा म्हणून. आता चार्ज करून उपयोग काय, हेही मनात आलं. पण माणसं आशेनंच नाही, तर सवयीनंसुद्धा पुष्कळ गोष्टी करतात.

सकाळी त्याला जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. खंडेनवमी होती. अंगणातल्या दगडावर कोंडाबाई वर्षाची सगळी हत्यारं धूत होती. विळा, खुरपी, कुदळ, कोयता, राखेनं घासून लख्ख केलेली, उन्हात ओळीनं मांडलेली. वापरात नसलेली ती जुनी कातरसुद्धा, पात्यापासून दांड्यापर्यंत, दर वर्षीसारखीच. आणि आता ती बादलीत दोन्ही हात बुडवून, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तितक्या मायेनं, ते हिरवं यंत्र खळखळत होती.

"आई!"

"काय रं? वरडतुस कशाला?"

"आई, पाण्यात... ते पाण्यात नाही घालायचं..."

"आं? कातर म्हणलास न्हवं तू? लोखंड धुतल्याबिगर कवा पुजलंय आपुन?"

तिनं यंत्र वर काढलं. त्याच्या पोटातून पाण्याची धार लागली. कोंडाबाई त्या धारेकडं बघत राहिली, मग पोराच्या तोंडाकडं, आणि मग तिला उमगलं. "आता गं बया," ती हळू म्हणाली. "इजंचं हाय व्हय त्ये?" आणि यंत्र धरलेले ओले हात तसेच पुढं ठेवून ती दगडावरच बसली. "पोरानं एवढं हौसंनं आणलं, आन् म्या बुडवून मारलं."

बॅटरी आत आहे, ती कोरडी आहे, कदाचित काही झालं नसेल, असं गोकुळला म्हणायचं होतं. पण आईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तो नुसताच तिच्यापाशी उकिडवा बसला. कातर! एवढाच शब्द त्यानं दिला होता आईला. आणि आईनं त्या शब्दाचा पुरेपूर मान राखला होता.

"कोंडे, रडतीस कशापाई?" बाज करकरली. गेणभाऊ उठून बसले होते. "बुडालंय त्ये. मेलं न्हाय अजून. आन इकडं."

ते पायऱ्या उतरले, एकेक. गोकुळनं यंत्र आईच्या हातून घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. आबांनी डावा हात पुढं केला, ओलं लोखंड उचलायचं म्हणून खांदा आधीच ताणला, पंजा घट्ट केला, आणि यंत्र घेतलं. हात एकदम वर उडाला. छातीपर्यंत. "आरं!" ते म्हणाले.

गोकुळला हसू फुटलं. या वेळी त्याला वेळ लागला नाही. कोंडाबाई रडता रडता पदर तोंडाशी नेऊन हसली. आणि आबा, ते आधी रागावल्यासारखे त्या दोघांकडं बघत राहिले, मग यंत्राकडं, मग पुन्हा एकदा त्यांनी ते वरखाली झुलवून पाहिलं, उगाच, शंका आल्यासारखं.

"त्वांड कुठलं ह्याचं?"

"हे पात्याचं, आबा."

"मग त्वांड खाली करायचं. फवारणीचा पंप भरला पाण्यानं तर आमी असाच धरायचो. वाट दिली म्हंजी पाणी आपसूक उतरतं. घाई नाय करायची त्याला."

मग तो दिवस जो उलगडला, तो गोकुळला पुढं कितीदा आठवणार होता! आबा उन्हात एका पोत्यावर बसले, डाव्या हातात यंत्र, पातं खाली. थेंब पडे, थोड्या वेळानं दुसरा पडे. गोकुळ म्हणाला, मी धरतो. "तुला न्हाय जमायचं. तू हलवशील." ऊन सरकलं की ते पोतं पायानं ढकलत उन्हामागं सरकत. आश्विनातलं ते ऊन, कणसाच्या दाण्यासारखं भरलेलं, अंगणातून हळूहळू चालत होतं, आणि त्याच्यामागून एक म्हातारा माणूस एका भिजलेल्या यंत्राला घेऊन चालला होता, आजारी शेरडाला उन्हात हिंडवावं तसा. हात खाली आला नव्हता. तो आपण किती वेळ तसा धरला आहे याचं त्यांना भानच नव्हतं. गोकुळ उंबऱ्यावर बसून तो हात बघत होता, शिरा वर आलेला, सावळा, स्थिर. आणि त्याला वाटत होतं, आता कुणी बोलू नये, कुणी चहासुद्धा आणू नये. कारण आबांच्या ध्यानात आलं तर कदाचित हा हात लाजेल. दुपार कलली. ऊन घराची सावली चुकवत चुकवत जिथं जाऊन थांबलं, तिथं मेंदी होती. आबा पोत्यावरून तिच्याकडं तोंड करून बसले होते. बसले तेव्हा त्यांना ते कळलं नसावं. कळलं तेव्हा ते उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "केवढी माजलीय ही."

आणखी थोड्या वेळानं, तिच्याकडं बघतच: "लई हलकं हाय रं हे."

"हो, आबा. म्हणूनच घेतलं."

गेणभाऊंनी मान हलवली. एवढंच बोलणं झालं. आणि गोकुळला वाटलं, शिमग्यापासून दोघांच्यामध्ये पडून राहिलेलं ते लोखंड कुणीतरी वाकून उचललं आहे.

तिन्हीसांजेला घोंगडीवर हत्यारं मांडली, झेंडू वाहिला. कोंडाबाईनं यंत्राला कुंकू लावलं ते हात लांब करून, कोरड्या चिमटीनं, विस्तवाला लावावं तसं. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी नैवेद्य दाखवल्याशिवाय उचलायचं नाही, हा त्या घराचा नेम. त्यामुळं यंत्र जिवंत आहे की नाही हे कळायला रात्र मध्ये उभी होती. गोकुळला ती रात्र सोसवेना. आबांना मात्र तिची काही घाई नव्हती. "द्येवाम्होरं हाय. बसू दे निवांत," ते म्हणाले. पण झोपायच्या आधी त्यांनी बाज ओढून घोंगडीजवळ आणली, मांजर यंत्रावर बसेल म्हणून.

सकाळी नैवेद्य झाला. गोकुळनं बॅटरी खटकन् बसवली आणि यंत्र आबांच्या डाव्या हातात दिलं. तिघं मेंदीपाशी उभे राहिले. आबांनी घोडा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मेंदीच्या शेंड्यावर एक भुंगा गुणगुणत होता, त्याचाच आवाज. कोंडाबाईनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात गोकुळला दुकानातला आपला अंगठा आठवला.

"आबा, आधी ती बारकी कळ. अंगठ्यानं. ती दाबून मग हे."

अंगठा चाचपडला, सापडला. झिर्रर्र. पातं जागं झालं, आणि त्याच्यातून उरलंसुरलं पाणी फवाऱ्यासारखं आबांच्या तोंडावर उडालं. "थुत् तुज्या!" आबा ओरडले, पण हात सोडला नाही. मेंदीचा पहिला शेंडा हवेत उडून कोंडाबाईच्या केसांत बसला. मग दुसरा. मग हिरव्याचा पाऊसच. तो हिरवा, ओला, किंचित कडू वास अंगणभर झाला, आणि गोकुळनं तो छाती भरेपर्यंत घेतला.

सोनं द्यायला निघालेला शेजारचा चिमाजी वाटेतच थबकला. "गेणभाऊ! मेंदीची दाढी करताय का काय राव?"

"आदी तुजी करतो. ये इकडं, त्वांड पुढं कर."

"नको बाबा, त्या वस्तऱ्यानं नाकबी जायचं. काय हाय काय त्ये?"

"कातर हाय. धुतलेली," गेणभाऊ म्हणाले, आणि कोंडाबाईनं हसू लपवायला केसांतली पानं वेचायला घेतली.

पण आबा थांबले होते. यंत्र बंद करून ते दोन पावलं मागं गेले होते आणि कापलेल्या मेंदीकडं बघत होते. ती वाकडी झाली होती. एका जागी खड्डा, एका जागी उंचवटा. ज्या नजरेनं सगळं आयुष्य सपाट कापलं, ती नजर तो खड्डा पुरता बघत होती. आता ते यंत्र खाली ठेवतील. आता वळतील.

"सुतळी हाय का रं घरात?"

"सुतळी? पण आबा, तुम्ही तर नजरेनंच..."

"नजरेला दिसतंय सगळं. ह्या हाताला दिसत न्हाय अजून," आबा म्हणाले, त्यात दुःख नव्हतं, एखाद्या नव्या गड्याबद्दल बोलावं तसं ते डाव्या हाताबद्दल बोलत होते. "नवीन हाय. त्याला शिकवाया पायजेल. तिकडं खुटी ठोक. आन् दुसरं टोक तू धर. ढिली सोडू नगंस."

गोकुळनं सुतळी धरली. कचेरीत त्यानं कितीक रेघा ओढल्या होत्या. अशी ताणलेली, कंप पावणारी, दुसऱ्या टोकाकडून बापाचा श्वास घेऊन येणारी रेघ त्यानं कधी हातात धरली नव्हती. झिर्रर्र करत हिरवं यंत्र सुतळीच्या खालून सरकत आलं, थांबत, अडखळत, पुन्हा सरकत. "वर घे वाईच... बास. आता बरं धरलंस." तो सुतळी धरून होता आणि त्याला बोलायचं काही सुचत नव्हतं, आणि सुचत नाही याचं दुःखही होत नव्हतं.

निम्मं कुंपण झालं आणि आवाज जाड झाला, बसका झाला, थांबला.

"मेलं?" कोंडाबाईनं घाबरून विचारलं.

"दमलं," गेणभाऊ म्हणाले. "लाईट आली की खाईल." मेंदी अर्धी सपाट, अर्धी झिंज्या सोडलेली उभी होती. त्यांनी घामेजलेलं तोंड बाहीला पुसलं, सुतळीवरून एकदा नजर फिरवली आणि घराकडं वळता वळता म्हणाले, "सोडू नगंस ती. तशीच बांधून ठिव. उद्या तिथनंच धरू."

दुपारच्या गाडीनं पुण्याला परतायचं होतं. उद्या कचेरी होती. गोकुळनं हे सांगायला तोंड उघडलं. आबा डाव्या हातातल्या यंत्रात अडकलेली पानं फुंकून काढत पायऱ्या चढत होते.

त्यानं दुसरी खुंटी ठोकली, सुतळीचं टोक तिला गुंडाळलं आणि गाठ मारली. मग वारा आला तर सैल पडू नये, म्हणून तिच्यावर आणखी एक.